बहात्तर, सत्तावीस आणि पंचेचाळीस रुपये

समजा, मुंबई-गोवा महामार्गावरच्या आपल्या पालीत, एका दुकानात रात्री गल्ला मोजणं चाललंय. रोजकीर्द एक सांगते, पेटी दुसरंच. फरक 45 रुपयांचा. वहीत मुरलेला माणूस लगेच सगळ्या पावत्या उपसत बसत नाही. आधी बघतो, 45 ला 9 नं भाग जातो का? जातो. मग तो उलटा पडलेला आकडा शोधू लागतो, आणि पुष्कळदा सापडतोही: पावतीवर 72, वहीत 27.

यात जादू नाही, शाळेतलंच बीजगणित आहे. 72 मधला 7 म्हणजे सात नव्हे, सात दशक, सत्तर. दशकाच्या घरातल्या अंकाला द म्हणू, एककाच्या घरातल्याला ए. संख्या झाली 10द + ए. अंक उलटले की 10ए + द. आता पहिलीतून दुसरी वजा करा. कंस सोडवताना आतल्या दोन्ही पदांची चिन्हं बदलायची. मुलं पहिल्याचं बदलतात नि दुसऱ्याचं विसरतात. आलं 10द + ए − 10ए − द. सजातीय पदं एकत्र केली की उरतं 9(द − ए). अंक कुठलेही घ्या, 9 काही सुटत नाही. वर कंस आणखी एक गोष्ट सांगून जातो: 45 भागिले 9 म्हणजे 5, तेव्हा 72, 61, 83 असे पाचाच्या फरकाचे अंक तेवढे तपासा. ‘सरळरूप द्या’ हा प्रश्न मुलांना शिक्षा वाटतो, कारण सरळ करून हाती काय लागलं ते बहुतेकदा कुणी दाखवतच नाही.

अर्थात 45 रुपयांची एखादी नोंदच राहून गेली असेल, तर हा नऊचा नियम चकवा देणार.

पण आकडा उलटतो कशानं? ‘बहात्तर’मध्ये दोन आधी ऐकू येतात, सत्तर मागून, लिहायचे मात्र सात आधी. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तर दोन’ असं वाचन आलं, आणि गदारोळ थेट विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. मला विचाराल तर ‘बहात्तर’ मुळीच सोडू नये. पण नुकतं लिहू लागलेल्या पोराला ‘सत्तर दोन’चा आधार मिळाला, तर मराठीचं काय बिघडतं? जर्मन लोकही दोन आधी नि सत्तर मागून म्हणतात. अडखळणारी आपलीच मुलं नाहीत.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर अशाच उलटापालटीतून 6174 पर्यंत पोचले. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच, शून्य आलं तर तेही धरून. फार तर सात वजाबाक्यांत 6174 येते, आणि मग हलत नाही: 7641 वजा 1467, पुन्हा 6174. तिला 9 नं भागा, 686 येतील. आज रात्री घरातल्या मुलांना बसवा या खेळाला.