मना सेट मरी गया, भाऊ! : हॅम रेडिओ बिघडला तर काय बघायचं आणि घेताना काय बघायचं

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आवाज येस का?

आजचा भाग एका मेसेजमुळे करतोय. अमळनेरहून एका पोरानं रात्री साडेअकराला व्हॉइस नोट पाठवली. पूर्ण नोट पाच शब्दांची होती: "मना सेट मरी गया, दादा." खाली रडणारा इमोजी. परवाना मिळून त्याला दोन महिने झालेत, वडिलांकडून पैसे घेऊन जुना एचएफ सेट आणलाय, आणि आता पीटीटी दाबलं की सेट बंद पडतो.

त्याला मी तेव्हाच सांगितलं, "थांब, सेट मेलेला नाही. उद्या सकाळी बोलू." हे इतक्या खात्रीनं सांगता आलं, कारण हीच चूक मी स्वतः करून बसलो होतो. ती आधी सांगतो.

ज्यांना हॅम रेडिओ म्हणजे काय हेच माहीत नाही, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. परीक्षा देऊन, सरकारी परवाना आणि स्वतःचं कॉल साइन घेऊन, ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर आपल्याच सेटवरून जगाशी बोलायचा छंद म्हणजे हॅम रेडिओ. मध्ये मोबाईल टॉवर नाही, रिचार्ज नाही, कंपनी नाही. म्हणून १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००१ च्या भुज भूकंपात हॅम मंडळी निरोप पोचवायला धावली होती.

माळ्यावर ठेवलेला सेट

२०२१ चा मे महिना. जळगावचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. माझा सेट अचानक बहिरा झाला. ४० मीटर बँडवर रोज ऐकू येणारे लोक गायब. माझं बोलणंही कुणाला जाईना, एसडब्ल्यूआरचा काटा पार टोकाला. मी एका मोठ्या शहरातल्या दुरुस्तीवाल्याला फोटो पाठवले. त्यानं फोटो बघूनच निकाल दिला, "फायनल ट्रान्झिस्टर गेले. अठरा हजार." तेवढे पैसे नव्हते. सेट खोक्यात घातला, खोकं माळ्यावर.

मग ३१ ऑगस्ट उजाडला. रात्रभराच्या पावसानं चाळीसगावात पूर आला, कन्नड घाटात दरड कोसळली. माझे मामा चाळीसगावला. फोन लावतोय, लावतोय, लागत नाही. आई देवापुढे बसलेली. तेवढ्यात धुळ्याच्या मित्राचा फोन आला: "सेट लाव, ४० मीटरवर ये. मी हाका मारतोय, तिकडून कुणी सापडतं का बघू. तू एका बाजूनं, मी एका बाजूनं."

माझा सेट माळ्यावर होता. तो दिवसभर एकटाच हाका मारत राहिला. आता खरं सांगायचं तर, मी असतो तरी तिकडून कुणी उत्तर दिलं असतं की नाही, देव जाणे. संध्याकाळी मामांचाच फोन आला, सगळे सुखरूप होते. पण ज्या दिवसासाठी हा छंद असतो असं मी चारचौघांत सांगत फिरायचो, त्याच दिवशी मला प्रयत्नसुद्धा करता आला नाही. ते आजही टोचतं.

दिवाळीच्या साफसफाईत खोकं खाली आलं. मित्र धुळ्याहून डमी लोड घेऊन आला. सेट लावला, आणि पूर्ण पॉवर! फायनल ठणठणीत. मग गच्चीवर गेलो. अँटेनाच्या टोकाला कोअॅक्स केबल जिथे जोडतात, तिथली टेप उन्हानं वितळून निघालेली. मागच्या पावसाळ्यात आत पाणी शिरलेलं, तांब्याची जाळी काळी-हिरवी पडलेली. खराब झालेली सहा-सात फूट केबल कापली, नवीन कनेक्टर लावला. खर्च एकशे सत्तर रुपये. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

त्या दिवसापासून माझा एकच नियम आहे: बाहेरून आत यायचं. आधी करंट, मग केबल, मग अँटेना, मग बटणं, आणि सगळ्यात शेवटी पेचकस.

पहिलं: करंट

आपल्या अमळनेरच्या पोराची केस. ऐकताना सेट चालतो, बोलायला गेलं की बंद. शंभर वॅटचा सेट ऐकताना एक-दोन अँपिअर खातो, बोलताना वीसच्या आसपास. त्यानं पॉवर सप्लायपासून सेटपर्यंत तीन मीटर, एक स्क्वेअर एमएमची वायर टाकली होती. जाऊन-येऊन सहा मीटर तांबं. वीस अँपिअरला तेवढ्या वायरीतच जवळपास दोन व्होल्ट जातात. म्हणजे सप्लाय दाखवतो १३.८ आणि सेटला मिळतात पावणेबारा. सेट बिचारा बंद पडणारच.

तपासायचं कसं? मल्टिमीटर सेटच्या पाठीमागे, जिथे वायर आत जाते तिथेच लावायचा, आणि पीटीटी दाबून आकडा बघायचा. सप्लायच्या टोकाला बघून उपयोग नाही. चार स्क्वेअर एमएमची वायर टाकली की हाच घट अर्ध्या व्होल्टवर येतो. वायर जितकी आखूड तितकं बरं. पोरानं वायर बदलली, सेट "जिवंत" झाला. वडिलांना अजून काही सांगितलेलं नाही, म्हणे.

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. मोठा टाकायचा नाही, तार गुंडाळायची तर मुळीच नाही. नवीन फ्यूजही लगेच उडाला, तर आधी आठवा: लाल-काळी वायर उलटी लागली होती का? पुष्कळ सेटमध्ये अशा वेळी आतला संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होतो आणि सेटला वाचवतो. तो डायोड काही रुपयांना मिळतो.

दुसरं: केबल आणि कनेक्टर

आमच्या अनुभवात निम्म्याहून जास्त दुखणी इथेच सापडली. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. दोन्ही टोकं मोकळी असताना मधली पिन आणि बाहेरची जाळी यांत जोड दिसता कामा नये. मग एका टोकाला दोन्ही जोडून दुसऱ्या टोकाला बघा, जोड दिसलाच पाहिजे. हे बघताना केबल हलवा, कनेक्टर पिळून बघा. आकडा नाचला की चोर सापडला.

केबलचा दर्जा व्हीएचएफला फार महत्त्वाचा. साधी आरजी-५८ वीस मीटर टाकली, तर १४५ मेगाहर्ट्झला पाच वॅटमधले साधारण दोनच वॅट अँटेनापर्यंत पोचतात. बाकीचे केबल गरम करण्यात जातात. लांब केबल टाकायची असेल तर जाड आरजी-२१३ घ्या.

आणि आपल्याकडच्या उन्हात साध्या काळ्या इन्सुलेशन टेपवर विश्वास ठेवू नका. रबरी सेल्फ-फ्युजिंग टेप मिळते, ती ताणून गुंडाळा, वरून साधी टेप. दर वर्षी पावसाळ्याआधी उघडून बघा. आपण छपराची कौलं बघतो तसंच.

तिसरं: अँटेना की सेट?

याचा निकाल डमी लोड लावतो. डमी लोड म्हणजे अँटेनाच्या जागी लावायचा ५० ओहमचा रेझिस्टर. तो घरी होतो. एक किलोओहमचे, दोन वॅटचे वीस कार्बन रेझिस्टर एकमेकांना समांतर जोडा. हजार भागिले वीस, पन्नास ओहम. एकूण चाळीस वॅट. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये एक चक्कर मारा. फक्त तारेचे, म्हणजे वायरवाउंड, रेझिस्टर घेऊ नका, ते रेडिओ फ्रिक्वेन्सीला कॉइलसारखे वागतात. पॉवर कमी ठेवा आणि चार-पाच सेकंदच दाबा.

डमी लोडवर पॉवर बरोबर आणि अँटेनावर गडबड, तर सेट चांगला आहे. विषय संपला. एसडब्ल्यूआर दोनच्या खाली असेल तर डोकं लावू नका. तीन असेल तर पावभाग पॉवर परत येते, आणि बरेचसे नवे सेट स्वतःहून पॉवर कमी करतात.

चौथं: बटणं

हसू नका. "काहीच ऐकू येत नाही" म्हणून आलेल्या सेटमध्ये मी काय-काय बघितलंय: स्क्वेल्च पूर्ण वर, आरएफ गेन पूर्ण खाली, अॅटेन्युएटर चालू, मोड चुकलेला, हँडसेटवर ऐकण्याचा टोन चालू राहिलेला. सेटच्या पुस्तकात रीसेट करायची पद्धत असते. आधी मेमरीतले चॅनल वहीत लिहून घ्या, मग रीसेट.

पाचवं: खरखर

"सेटमध्ये नुसती खरखर आहे." घराचा मेन स्विच बंद करा, सेट बॅटरीवर चालवा. खरखर गेली? मग दोष घरात आहे. एकेक एमसीबी चालू करत जा. मोबाईल चार्जर, स्वस्त एलईडी दिवा, सोलरचा इन्व्हर्टर, वायफायचा अडॅप्टर, यातलाच कुणीतरी सापडेल. खरखर तशीच राहिली तर बाहेर बघा. आजोबांचा ट्रान्झिस्टर काढा, ज्यावर ते आकाशवाणी जळगाव लावायचे तोच. मध्यम लहरींवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि गल्लीत फिरा. आवाज वाढेल तिकडे चोर. डीपीवरचा तडकलेला इन्सुलेटर निघाला तर वायरमनला सांगा, स्वतः हात लावू नका.

आता पेचकस

इथवर येऊनही दोष सापडला नाही तरच झाकण उघडा. व्हॉल्यूम फिरवताना करकर होते? कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा, गंजाचं तेल नको. पीटीटी एकदा दाबून सोडल्यावर ऐकू यायला लागतं? मग रिलेचे कॉन्टॅक्ट खराब आहेत. जुन्या सेटचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात, फुगतात. ते बदलायला सोल्डरिंगचा हात बसलेला हवा. आधी दहा भंगार बोर्डांवर शिका.

तीन ठिकाणी हात घालायचा नाही. व्हॉल्व्हवाला अॅम्प्लिफायर: बंद केल्यावरही आत जीव घेण्याइतका चार्ज राहतो. चालू पॉवर सप्लायचं आतलं: तेच. आणि विजेच्या तारांजवळ अँटेना: तार तुटली किंवा पाइप कलला तर कुठे पडेल, ते आधी मोजा. तारेपर्यंत पोचत असेल तर जागा बदला. आकाशात वीज कडाडायच्या आत केबल काढून ठेवा.

घ्यायचं काय?

सगळ्यात आधी परवाना. वय १२ पूर्ण हवं. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा असते, अर्ज सरल संचार पोर्टलवर. ऑनलाइन स्वस्तात दिसतो म्हणून वॉकी-टॉकी आधी मागवू नका. परवान्याशिवाय तो वापरणं गुन्हा आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा विक्रीबद्दल ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या होत्या. तोवर कान तयार करा. हातातल्या मोबाईलच्या ब्राउझरवर वेबएसडीआर उघडा. नेदरलँड्सच्या ट्वेंट विद्यापीठाचा रिसीव्हर जगभरचे लोक असाच ऐकतात. फुकट.

परवाना मिळाल्यावर पहिला प्रश्न स्वतःला विचारा: मला कुणाशी बोलायचंय? पाच वॅटचा हँडसेट गावात काही किलोमीटर चालतो. लळिंगच्या किल्ल्यावर चढलात तर बराच लांब, कारण तिथून नजर मोकळी. गंमत बघा, चारशे किलोमीटर वरून जाणाऱ्या अंतराळ स्थानकाचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर हँडसेटला येऊ शकतो, पण जळगावातल्या गल्लीतून नव्वद किलोमीटरवरचं धुळे येत नाही. मध्ये घरं, टेकड्या, पृथ्वीची गोलाई.

जळगाव-धुळे रोज बोलायचं तर दिवसा ४० मीटर बँड. दहा-दहा मीटरच्या दोन वायरी, साधी घरच्या फिटिंगची दीड स्क्वेअर एमएम चालते. वायर थोडी जास्त ठेवा, एसडब्ल्यूआर बघत कापत या. सहा-सात मीटर उंची पुरे. लहरी सरळ वर जातात, आयनोस्फिअरवरून परत येतात आणि आजूबाजूच्या दोन-तीनशे किलोमीटरवर पडतात. मोठा टॉवर लागत नाही.

म्हणून पैसे उलट्या क्रमानं खर्च करा. आधी चांगली केबल, अँटेनाचं सामान, दमदार पॉवर सप्लाय, एक मल्टिमीटर. उरलेल्यात सेट. साध्या सेटला चांगली अँटेना मिळाली तर तो बोलतो. भारी सेटला वाईट अँटेना दिली की माझ्यासारखं माळ्यावर चढावं लागतं.

जुना सेट घेताना:

- विकणाऱ्याचं कॉल साइन आणि परवाना बघा, आपला दाखवा.
- सेट समोर चालू करून घ्या. फक्त लाइट लागला म्हणजे चालतो असं नाही.
- आपला डमी लोड आणि मीटर घेऊन जा. प्रत्येक बँडवर पॉवर बघा.
- अर्धा तास चालू ठेवा. काही दोष गरम झाल्यावरच बोलतात. आपल्या मे महिन्यात तर नक्कीच.
- स्क्रूची डोकी झिजली आहेत का? म्हणजे कुणीतरी उघडलाय. वाईट नाही, पण कारण विचारा.
- मूळ माइक आणि पॉवर केबल आहे का? नंतर शोधताना दमछाक होते.
- सीरियल नंबर, दोघांची कॉल साइन आणि तारीख कागदावर लिहून सह्या घ्या.
- "आजच घ्या, दुसरं गिऱ्हाईक आलंय" म्हणाला तर चहा पिऊन निघा.

आणि कुणी फोटो बघून "फायनल गेले" म्हणालं तर एकच विचारा: "भाऊ, डमी लोडवर बघितलं का?"

आता माझा सेट टेबलावर असतो. शेजारी बॅटरी चार्ज केलेली. रविवारी सकाळी धुळ्याला हाक मारतो, बोलायला विषय नसला तरी. "काय व्हयनं?" "काही नही, भाऊ, तू सांग." एवढंच होतं कधी कधी. पण सेट चालतोय हे दोघांनाही कळतं.

तुमचा सेट माळ्यावर असेल तर या रविवारी खाली काढा, आणि काय सापडलं ते व्हॉइस नोटवर कळवा. पुढच्या भागात डमी लोड बनवताना टाके कसे घालायचे ते बघू.

सेव्हन्टी-थ्री, मंडळी. काळजी घ्या.