संगम आणि नाव



'संगम' हा विषय आम्ही मागून घेतला, तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणिसांना जरा नवल वाटले. सातवीत शाळा सुटलेल्या गिरणीकामगाराने मागणीपत्रावर बोलावे, नद्यांवर कशाला? परंतु आमचे जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, वणेच्या काठी झाले. तेव्हा नदीवर बोलण्याचा थोडासा हक्क आम्हांलाही आहे.

आपली वर्धा सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते. तापीही त्याच मुलखातली. ती पश्चिमेची वाट धरते, ही आपल्याकडे वळते. धाम आणि बोर यांचे पाणी अखेर वणेत येते, आणि हिंगणघाट ओलांडून वणा वर्धेला मिळते. तेथून पुढे वणेचे नाव कोणी घेत नाही. पुढे चपराळ्याजवळ हीच वर्धा वैनगंगेला भेटते, आणि तेथे निराळाच प्रकार घडतो. पुढच्या प्रवाहाला ना वर्धा म्हणतात, ना वैनगंगा. तो प्राणहिता होतो, आणि सिरोंच्याकडे गोदावरीत जातो. पाण्याला नावाचे सोयरसुतक नाही, पण माणसाला आहे. धाकटीने थोरलीत नाहीसे व्हावे हा एक संगम. दोघींनी मिळून तिसरे नाव घ्यावे हा दुसरा.

संस्कृतीचा संगम पाहण्यास आपल्याला प्रयागला जावयास नको. पवनारला धामेत १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या. त्याच काठी विनोबांच्या आश्रमात जमीन खणताना वाकाटकांच्या काळची शिल्पे निघाली. पण आम्हांला त्याहून मोठा वाटतो तो १९२८ सालचा दिवस, ज्या दिवशी जमनालालजींनी याच वर्ध्यातले लक्ष्मीनारायणाचे मंदिर अस्पृश्यांना खुले केले. दार उघडणे सोपे नव्हतेच. तरी सांगतो, त्यानंतर साठ वर्षांनी आम्ही गिरणीत लागलो तेव्हा पाण्याचा माठ सर्वांना एकच होता, पण भाकरी सोडायला माणसे निरनिराळ्या कोपऱ्यांत बसत.

आता आमच्या घरची गोष्ट. १९२९ साली नागपुरात, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली, अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि तेथेच ती फुटली. ना. म. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. त्यांनी वेगळा संघ काढला. पुढे १९३८ साली दोन्ही बाजूंचे संयुक्त अधिवेशन भरले, तेही नागपुरातच. फुटण्याला एक अधिवेशन पुरले, एकत्र यायला नऊ वर्षे लागली!

आम्ही स्वतः यातून फार शिकलो असे मात्र म्हणवत नाही. एका गिरणीत दोन संघटना होत्या. बोनसच्या लढ्यासाठी एक व्हायचे ठरले. आमची मोठी, त्यांची लहान. आम्ही म्हटले, तुम्ही आमच्यात या. ते आले. पाटी आमची, शिक्का आमचा, कमिटीवर माणसेही सगळी आमचीच. पहिल्याच संपात त्यांची माणसे घरी बसून राहिली. आम्ही रागाने त्यांच्या वस्तीत गेलो, तेव्हा एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "भाऊ, आमी त आलो, पन आमचा मानूस कुठी हाये?" आम्हांला उत्तर देता आले नाही. चूक सर्वस्वी आमची होती.

विदर्भाचा प्रश्न निघाला की आम्हांला तो म्हातारा आठवतो. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरेल, असे त्यात लिहिले गेले. १ मे १९६० रोजी, कामगारदिनीच, महाराष्ट्र राज्य झाले. अनुशेषाची तक्रार राहिली, म्हणून १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली; ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. आम्ही वेगळ्या राज्याचे पुरस्कर्ते नाही, हे येथे मोकळेपणी सांगतो. एकी मोडली की कामगार पहिला मरतो. पण आपण वणेसारखे मिळालो की वैनगंगेसारखे, असे कोणी विचारले तर त्याला फुटीर म्हणणे आम्हांला पटत नाही. करारातली कलमे वाचून हिशेब मागणे हे फुटणे नव्हे.

आणि त्या गिरणीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. पुढल्या निवडणुकीत संघटनेचे नाव बदलले. दोन्ही जुनी नावे गेली. म्हाताऱ्याला आम्ही खजिनदार केले. त्याला सहीपुरतेच लिहिता येई, पण पेटीची किल्ली तो करदोट्याला बांधून ठेवी, आणि पावतीवाचून आम्हांलाही त्याने कधी एक रुपया दिला नाही.