भूल उतरली, बळ परतले काय?



शस्त्रक्रियागृहाबाहेर ताटकळत बसलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘शुद्धीवर आला का?’ परिचारिकेने होकार दिला की सर्वांना हायसे वाटते. रुग्णाने डोळे उघडले, हाकेला ओ दिली, म्हणजे संकट टळले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत अपुरी आहे. शुद्ध येणे ही एक गोष्ट आणि श्वास घेण्याचे, गिळण्याचे व खोकण्याचे बळ अंगात परत येणे ही दुसरी गोष्ट होय. पहिली डोळ्यांना दिसते. दुसरी मात्र मोजावी लागते, आणि ती कशी मोजतात हा आजच्या भाषणाचा विषय आहे. अकोल्यातून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या, सहा तालुक्यांच्या आणि प्रामुख्याने शेतीवर जगणाऱ्या वाशिम जिल्ह्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

भुलेचे तीन घटक

पूर्ण भूल देताना भूलतज्ज्ञाला तीन गोष्टी साधावयाच्या असतात : रुग्णाची शुद्ध हरपणे, त्याला वेदना न होणे आणि त्याचे स्नायू सैल पडणे. पोटाचे स्नायू ताठ असतील तर शल्यचिकित्सकाला आत हात घालता येत नाही, आणि घसा आवळलेला असेल तर श्वासनलिकेत नळी नीट बसत नाही. म्हणून सक्सामेथोनियम, व्हेक्युरोनियम, अॅट्राक्युरियम यांसारखी स्नायू शिथिल करणारी औषधे शिरेतून देतात. या औषधांनी झोप येत नाही, वेदनाही थांबत नाहीत. ती फक्त स्नायूंचे बळ काढून घेतात. त्यात श्वासाचे स्नायूही आलेच. त्यामुळे तेवढा काळ रुग्णाचा श्वास भूलतज्ज्ञाच्या हातातील पिशवीवर किंवा यंत्रावर चालतो.

या औषधांचे मूळ दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात आहे. तेथील आदिवासी शिकारीसाठी बाणांच्या टोकांना क्युरारे नावाचे वनस्पतिजन्य विष लावीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार याने बेडकांवर प्रयोग करून दाखवून दिले की, हे विष मज्जातंतू निकामी करीत नाही आणि स्नायूही मारीत नाही. दोहोंची जेथे गाठ पडते, तेथे ते अडथळा आणते. पुढे २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेच्या वेळी हे औषध शुद्ध स्वरूपात वापरले, आणि शल्यशास्त्रात नवे युग सुरू झाले.

धोक्याची जाणीवही लवकरच झाली. अमेरिकेतील दहा रुग्णालयांत १९४८ ते १९५२ या पाच वर्षांत देण्यात आलेल्या सुमारे ६ लाख भुलींचा अभ्यास बीचर आणि टॉड यांनी १९५४ साली प्रसिद्ध केला. क्युरारेवर्गीय औषधे दिलेल्या रुग्णांत भुलेशी निगडित मृत्यूंचे प्रमाण सुमारे सहा पटींनी अधिक आढळले. या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाला. परंतु औषध उपयुक्त असले तरी त्याचा अंमल पूर्ण उतरल्याची खात्री केल्याशिवाय रुग्णाला एकटे सोडता कामा नये, हा धडा त्यातून मिळाला.

चार टिचक्यांची परीक्षा

मेंदूचा हुकूम मज्जातंतूच्या टोकापर्यंत येतो, तेव्हा तेथे अॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य स्रवते. स्नायूवरील ग्राहक-बिंदूंवर ते जाऊन बसले की स्नायू आकुंचन पावतो. क्युरारेवर्गीय औषध हे बिंदू आधीच अडवून ठेवते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. निसर्गाने हे बिंदू गरजेपेक्षा कितीतरी अधिक दिलेले आहेत, म्हणून सुमारे तीन-चतुर्थांश बिंदू अडलेले असतानाही स्नायू एका हुकमाला जोमाने प्रतिसाद देऊ शकतो. बळ आले असे दिसते, पण राखीव बळ मुळीच नसते. एकामागून एक हुकूम आले की स्नायू थकत जातो.

नेमकी हीच थकावट पकडण्याची युक्ती १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये अली, अटिंग आणि ग्रे या डॉक्टरांनी पुढे आणली. मनगटावर करंगळीच्या बाजूने जाणाऱ्या मज्जातंतूवर दोन छोट्या चकत्या चिकटवितात. बॅटरीवर चालणाऱ्या एका लहानशा यंत्रातून अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने विजेच्या चार सौम्य टिचक्या देतात. प्रत्येक टिचकीला अंगठा आत वळतो. चौथ्या वेळी तो पहिल्या वेळेच्या मानाने किती जोराने वळला, याचे गुणोत्तर काढतात. औषधाचा अंमल गाढ असेल तर अंगठा हलतच नाही. अंमल उतरू लागला की प्रथम एक, मग दोन, मग चारही हालचाली दिसू लागतात, पण चौथी क्षीण असते. पूर्वी हे गुणोत्तर ०.७ झाले की पुरे मानीत. पुढील संशोधनानंतर ०.९ ही किमान मर्यादा ठरली.

हे काम नुसत्या नजरेने होत नाही. गुणोत्तर ०.४ च्या वर गेले की पहिल्या व चौथ्या हालचालीतील फरक अनुभवी भूलतज्ज्ञालाही डोळ्यांनी किंवा स्पर्शाने ओळखता येत नाही. म्हणजे ०.४ पासून ०.९ पर्यंतचा सारा टप्पा अंधारातला. रुग्णाला पाच सेकंद डोके उचलावयास सांगणे, हात घट्ट दाबावयास सांगणे या जुन्या कसोट्याही या टप्प्यात फसव्या ठरतात. अंगठ्याची गती मोजून आकडा दाखविणारे यंत्रच तेथे खरी साक्ष देऊ शकते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आणि युरोपातील संघटनेनेही २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा मोजणीची शिफारस केली आहे.

या अंधाऱ्या टप्प्यात काय घडू शकते? श्वासपटल लवकर सावरते, म्हणून रुग्णाची छाती हलताना दिसते. घशाचे स्नायू मात्र उशिरा सावरतात. परिणामी जीभ मागे पडून श्वासमार्ग अडू शकतो, आणि लाळ किंवा उलटी फुप्फुसात उतरू शकते. रक्तातील प्राणवायू कमी झाल्यास श्वास जलद करण्याची शरीराची स्वाभाविक प्रतिक्रियाही मंदावलेली असते. रुग्ण शांत झोपला आहे असे भोवतालच्यांना वाटत असते, आणि प्रत्यक्षात तो गुदमरत असू शकतो. निओस्टिग्मीन हे उतारा-औषध आहे खरे, पण अंमल गाढ असताना ते दिल्यास पुरेसे काम करीत नाही. ते केव्हा द्यावे हे अंगठ्याकडे पाहून ठरवावे लागते.

शिवारातील विष आणि तेच संधिस्थान

हा सर्व विषय शस्त्रक्रियागृहाच्या चार भिंतींपुरता आहे असे मात्र कोणी समजू नये. मज्जातंतू आणि स्नायू यांच्या याच संधिस्थानावर वाशिमच्या शिवारातील दोन विषे घाव घालतात.

पहिले विष फवारणीचे. सोयाबीन, तूर आणि कपाशीच्या या पट्ट्यात प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील कीटकनाशके परिचित आहेत. ज्या यवतमाळ जिल्ह्याला मानोरा तालुक्याची सीमा लागून आहे, तेथे २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना अद्याप विस्मरणात गेलेली नाही. या वर्गातील विष अॅसिटिलकोलीनचा निचरा करणारे विकर निकामी करते. त्याबरोबर रक्तातील एक जोडविकरही मंदावते, आणि सक्सामेथोनियमचा निचरा नेमके तेच करीत असते. सर्वसाधारण माणसात पाच-दहा मिनिटांत उतरणारे हे औषध अशा विषबाधित रुग्णात काही तास उतरत नाही. काही घराण्यांत हे विकर जन्मतःच क्षीण असते, त्यांच्या बाबतीतही हाच धोका संभवतो.

विषबाधेतून रुग्ण सावरला असे वाटत असतानाच, एक ते चार दिवसांच्या आत, त्याची मान आणि श्वासाचे स्नायू पुन्हा लुळे पडू शकतात. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ साली या अवस्थेचे वर्णन केले. उशीवरून डोके उचलता न येणे ही तिची आरंभीची खूण होय. म्हणून विषबाधेच्या रुग्णाला ‘आता बरे वाटते’ म्हणून दुसऱ्याच दिवशी घरी नेण्याची घाई प्राणावर बेतू शकते.

दुसरे विष सापाचे. नागाच्या विषातील घटक क्युरारेप्रमाणेच ग्राहक-बिंदू अडवितात, म्हणून प्रतिविषाच्या जोडीने निओस्टिग्मीनचाही तेथे उपयोग होतो. मण्यार मज्जातंतूच्या टोकावरच आघात करते, तेथे निओस्टिग्मीनचा फारसा लाभ होत नाही. प्रतिविष वेळेवर मिळणे आणि बळ परतेपर्यंत कृत्रिम श्वास चालू ठेवणे यांवरच सारी भिस्त असते. मण्यारीचा दंश पुष्कळदा रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना होतो. वेदना नसते, सूज नसते. पहाटे पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. जड झालेली पापणी आणि न उचलणारी मान यांचा अर्थ ज्या घरात, ज्या शाळेत ठाऊक आहे, तेथील रुग्ण मांत्रिकाकडे न जाता रुग्णालयात पोहोचेल.

प्रसूतिकक्षातील नित्याचे उदाहरणही येथे आठवावे. गरोदरपणातील झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट देताना पुढील मात्रेपूर्वी परिचारिका गुडघ्यावर हलकेच ठोकून पाय उडतो की नाही ते पाहतात, श्वास मोजतात, लघवीचे प्रमाण पाहतात. गुडघा उडाला नाही तर मात्रा थांबवितात. मज्जातंतू आणि स्नायू यांचा प्रतिसाद पाहून मगच पुढचे पाऊल टाकण्याची ही शिस्त ग्रामीण आरोग्यसेवेने केव्हाच अंगीकारली आहे. मॅग्नेशियममुळे स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा अंमलही वाढतो. म्हणून अशा मातेला पूर्ण भूल द्यावी लागली तर अंगठ्याची परीक्षा अधिकच आवश्यक ठरते.

कोणी काय करावे

अधिकाऱ्यांनी रुग्णालयांसाठी साधनसामग्रीची मागणी नोंदविताना श्वासयंत्राबरोबर या मोजणी-यंत्राचाही विचार करावा, आणि केवळ खरेदीवर न थांबता चकत्या, बॅटऱ्या व दुरुस्ती यांची तरतूद ठेवावी. कपाटात बंद राहिलेले यंत्र कोणाचाही श्वास वाचवू शकत नाही. भुलेच्या नोंदपत्रकात औषध, वेळ आणि नळी काढतेवेळचे गुणोत्तर लिहिण्याचा प्रघात पडावा. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण जेथे ठेवतात तेथे प्राणवायू, शोषण-यंत्र आणि प्रशिक्षित परिचारिका असावी. रुग्णास अकोल्यास किंवा अन्यत्र हलवावयाचे झाल्यास, स्नायू शिथिल करणारे औषध केव्हा व किती दिले याची चिठ्ठी सोबत गेलीच पाहिजे.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशिमचेही महाविद्यालय आहे. तेथे घडणाऱ्या तरुण डॉक्टरांच्या हाताला आरंभापासूनच या मोजणीची सवय लागली, तर जिल्ह्यातील रुग्णांना तिचा लाभ पुढील अनेक वर्षे मिळत राहील.

पंचायत सदस्यांनी फवारणीच्या हंगामात हातमोजे, मुखपट्टी, वाऱ्याची दिशा आणि कामाचे तास यांविषयी ग्रामसभेत आवर्जून बोलावे. विषबाधा झाल्यास औषधाची बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी रुग्णाबरोबर पाठवावी. शिक्षकांनी सापाच्या धड्याबरोबर मिटणाऱ्या पापणीची खूणही मुलांना शिकवावी. ज्यांच्या घरी शस्त्रक्रिया ठरली आहे त्यांनी तीन गोष्टी न विचारताही भूलतज्ज्ञाला सांगाव्यात : गेल्या काही आठवड्यांत रुग्णाने फवारणी केली काय, घराण्यात कोणाला भुलेनंतर श्वास परत येण्यास विलंब झाला होता काय, आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत. शस्त्रक्रियेनंतर परिचारिकेने परवानगी दिल्याशिवाय रुग्णाच्या तोंडात प्रेमापोटीसुद्धा पाण्याचा घोट घालू नये. गिळण्याचे बळ आले किंवा नाही, हे पाणी देणाऱ्याला कळत नाही.

‘शुद्धीवर आला का?’ हा प्रश्न यापुढेही विचारला जाईल आणि तो स्वाभाविकच आहे. त्याच्या जोडीला ‘अंगठ्याची परीक्षा झाली का?’ असेही नातेवाइकांनी विनयाने विचारावे. ज्या रुग्णालयात तशी परीक्षा होते तेथे या प्रश्नाचे उत्तर आनंदाने मिळेल. जेथे होत नाही, तेथे पंचायतीतून, शाळेतून आणि कचेरीतून वारंवार विचारला गेलेला हा प्रश्नच तिची सुरुवात करून देईल.