दत्तक पालक आणि शिक्षणाचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गरीब घरातील मुलाच्या शिक्षणाचा भार दुसऱ्या कोणी उचलला, तर त्या मुलाचे आयुष्य बदलते काय? महाराष्ट्राच्या इतिहासाने या प्रश्नाला दिलेले उत्तर निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे. समाजवादी चळवळीतील काही मंडळी दातृत्वाचे नाव निघताच कपाळाला आठ्या घालतात. व्यवस्था बदलल्यावाचून एका मुलाची फी भरून काय साधणार, असा त्यांचा सवाल असतो. तत्त्व म्हणून तो चूक नाही. परंतु ज्या मुलीची शाळा येत्या जूनमध्ये सुटणार आहे, तिला व्यवस्था बदलेपर्यंत थांब असे सांगता येत नाही. क्रांतीची वाट पाहत ती बारा वर्षांचीच राहणार नसते.

जोतीराव फुल्यांचेच उदाहरण घ्यावे. गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात घातले होते. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी त्यांचे मन वळवले आणि १८४१ मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले. येथे पैशाचे साहाय्य नव्हते, शब्दाचे होते. तेवढ्या शब्दावर १८४८ ची मुलींची शाळा उभी राहिली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. तथापि तिचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. परळच्या चाळीतील एका खोलीत अभ्यास करून भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. पुढे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या शब्दावरून सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण पार पडले. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, असे साहाय्य देऊन त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. करारात अट होती, परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याची. त्या अटीनुसार १९१७ मध्ये ते बडोद्यास गेले तेव्हा राहावयास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून उतरावे लागले, तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने हुसकावले. कचेरीत शिपाई दुरून कागद टाकत. ज्या राजाने शिकवले, त्याच्याच राजधानीत त्या शिक्षणाला छप्पर मिळाले नाही.

यात सयाजीरावांचा दोष काढण्याचा हेतू नाही. त्यांच्याइतका दूरदर्शी राजा त्या काळात दुर्मीळच. परंतु शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला बदलते, त्याच्या भोवतालच्या गावाला नाही, ही गोष्ट या प्रसंगातून जितकी स्पष्ट होते तितकी क्वचितच कोठे होते. एकाला वर उचलले तरी ज्या समाजात तो परत यायचा, तो समाज जसाच्या तसा उभा असतो.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी ही मर्यादा ओळखलेली दिसते. त्यांनी एकेका विद्यार्थ्याला मदत केली नाही असे नाही, बाबासाहेबांनाही केली. परंतु त्यांचा भर वसतिगृहांवर होता. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, मग जैन, मुसलमान, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातील मुलाला कोल्हापुरात शाळा होती, पण रात्री डोके टेकायला जागा आणि पोटाला भाकरी नव्हती. आणि शाळेची खरी अडचण फीची नसून भाकरीची आहे, हे या राजाला कळले होते. पुढे १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वसाधारण शाळांत सामावून घेण्याचा हुकूम निघाला. बोर्डिंगपासून कायद्यापर्यंतचा हा प्रवास म्हणजे राजाश्रयाने स्वतःला अनावश्यक करत नेण्याचा प्रवास होता. आजच्या दात्यांपैकी किती जणांना तो परवडेल, हा प्रश्न वेगळा.

कर्मवीर भाऊराव पाटील तर राजे नव्हते. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याचे वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत आणि स्वयंपाकही मिळून करत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. खेडोपाडीच्या बायाबापड्या मूठमूठ धान्य बाजूला काढून देत. या मूठभर धान्यात आणि श्रीमंताच्या धनादेशात जो फरक आहे, तो केवळ रकमेचा नाही. मूठ देणारी बाई स्वतः उपाशीपोटी राहणाऱ्यांपैकीच असते. तिच्यासमोर मुलाला मान खाली घालावी लागत नाही. शिवाय मुले स्वतः राबत होती. ‘कमवा आणि शिका’ या योजनेत विद्यार्थी हा घेणारा उरत नाही, कमावणारा होतो. भाऊरावांचे मोठेपण संस्थेच्या शाखांच्या संख्येत शोधणाऱ्यांनी या एका गोष्टीकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते.

येथे मूळ प्रश्न उभा राहतो. कोण कोणाचा पालक? १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतीरावांनी हा प्रश्न उलटा करून मांडला. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि त्या महसुलावर चाललेल्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गाला मिळतो, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याने भटा-सावकारांच्या मुलांचे शिक्षण पुरस्कृत केले. फक्त त्या दत्तक पालकाचे नाव कोणत्याही शाळेच्या भिंतीवर लिहिले गेले नाही. हा हिशेब एकदा ध्यानी घेतला की गरीब मुलाला मिळणारी शिष्यवृत्ती उपकार राहत नाही. तो थकलेल्या देण्याचा छोटासा हप्ता ठरतो.

या विचाराला शासनव्यवहारात थोडेफार स्थान मिळाले, हेही मान्य केले पाहिजे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना फीची सवलत मिळाली, ई. बी. सी. या तीन अक्षरांवर खेड्यातील एक संपूर्ण पिढी कॉलेजात गेली. ही मुले कोणाच्या दारी आभार मानायला गेली नाहीत. दाखला दिला, सवलत घेतली. तहसील कचेरीतील खेटे हाच काय तो त्यांचा अपमान.

त्यानंतर वारे हळूहळू फिरले. १९८३ मध्ये सावित्रीबाईंच्या नावाने दत्तक पालक योजना आली. दात्याने एका गरीब मुलीच्या शिक्षणासाठी ठराविक रक्कम द्यावी अशी ती कल्पना. अनेक शिक्षकांनी ती मनापासून राबवली आणि अनेक मुली त्यामुळे शाळेत टिकल्या, यात शंका नाही. परंतु शासनाने स्वतःहून दिलेले काय? १९९२ मध्ये मागास वर्गातील दारिद्र्यरेषेखालील मुलींना पहिली ते चौथीपर्यंत दररोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला, आणि त्यानंतर तीन दशके तो एक रुपयाच राहिला. आमदारांचे भत्ते या काळात किती वेळा वाढले, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

सप्टेंबर २०२३ मध्ये तर मुलांच्या ऐवजी शाळाच दत्तक देण्याचा शासन निर्णय निघाला. उद्योगसमूहांनी व देणगीदारांनी सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्याव्यात, वस्तू व सेवांच्या रूपाने साहाय्य करावे, आणि ठराविक मूल्याच्या बदल्यात त्यांनी सुचवलेले नाव शाळेला जोडता यावे, अशी त्यात तरतूद होती. त्याच सुमारास वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १५,००० शाळांच्या जागी समूह शाळांचा विचार शासनाने पुढे आणला. एका हाताने शाळा दत्तक द्यायची आणि दुसऱ्याने वाडीवरची शाळा उचलायची, असा हा कारभार. फेब्रुवारी २०२४ मध्ये, सरकारी अथवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळांना शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के जागांतून सूट देणारी दुरुस्ती झाली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, हे पालकांच्या व संघटनांच्या लढ्याचे यश. दात्याने दिलेली जागा दात्याच्या मर्जीने जाते. ही जागा कायद्याने दिलेली होती, म्हणूनच ती परत मागण्यासाठी न्यायालयाचा दरवाजा होता.

मग पक्षाच्या व सहमना संस्थांच्या कार्यकर्त्यांनी गरीब विद्यार्थ्यांसाठी निधी गोळा करू नये काय? अवश्य करावा. परंतु काही पथ्ये पाळूनच. निधीतून वह्या मिळालेल्या मुलाला व्यासपीठावर बोलावून पाहुण्यांच्या हस्ते त्या देण्याचा प्रकार ताबडतोब थांबला पाहिजे. त्या छायाचित्रात मुलाचे डोळे कोठे पाहत असतात, हे नीट न्याहाळावे. दात्याला मुलाचे नाव आणि मुलाला दात्याचे नाव कळण्याचे काहीच कारण नाही. हुशार मुलांनाच मदत, ही अटही संशयास्पद आहे. श्रीमंताच्या ढ मुलाला शिकण्याचा जो हक्क आहे, तो गरिबाच्या ढ मुलाला का नसावा? पहिला क्रमांक आणल्याशिवाय ज्याला शिकता येत नाही, त्याच्या खांद्यावर सबंध घराण्याचे ओझे आपणच टाकत असतो.

आणि जेथे रोख पैसा पोहोचूनही उपयोग नाही, तेथे अधिक लक्ष हवे. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबांचे उदाहरण पाहावे. मुकादमाकडून उचल घेतली की नवरा-बायकोचा कोयता ठरतो आणि दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्यावर निघते. धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी बरोबर जाते. पटावर नाव असते, बाकावर मुलगी नसते. मार्च-एप्रिलमध्ये ती परत येते तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो. अशा मुलीला दप्तर पुरस्कृत करून काही साधत नाही. तिला गावातच सहा महिने राहण्या-जेवण्याची सोय हवी, धाकट्या भावंडाला पाळणाघर हवे. हंगामी वसतिगृहांची योजना त्यासाठीच आहे; शाळा व्यवस्थापन समितीने मुलांची यादी धाडून मागणी केली तर ते गावात उघडते. अनेक गावांत मागणीच वेळेवर जात नाही, आणि मंजुरी येते तोवर ऊस अर्धा तुटलेला असतो.

हे काम निधीचे नाही, पायपिटीचे आहे. गणपती उठल्यावर तांड्या-वस्त्यांवर जाऊन कोणत्या घरातील कोयता जाणार, त्या घरात आजी-आजोबा आहेत की नाहीत, किती मुले मागे राहू शकतात, याची घरटी यादी करावी लागते. ती मुख्याध्यापकांच्या सहीने गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी, पोच घ्यावी आणि दर आठवड्याला विचारणा करावी. टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात. याद्या त्यापूर्वी कचेरीत पडल्या पाहिजेत.