इंग्रजी तोंडात बसवायची कशी?



मित्रांनो, बहिणींनो, आपल्यातल्या कितीतरी मुलामुलींना इंग्रजी वाचता येतं, परीक्षेत लिहिताही येतं. पण मुलाखतीत "तुमच्या प्रोजेक्टबद्दल सांगा" म्हटलं की दोन वाक्यांत गाडी थांबते. आमच्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात हे नेहमी दिसतं. मुलाला काम येत असतं, सांगता येत नाही आणि हातची नोकरी जाते.

मग मनात येतं, आपण उर्दू नाहीतर मराठी माध्यमातले, आपल्याला कुठलं जमणार? पण जरा बघा. घरी दखनी किंवा कोकणी बोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. या भाषा तुम्ही व्याकरणाचं पुस्तक पाठ करून बोलायला लागला नाहीत. रोज बोलावं लागलं म्हणून आल्या. इंग्रजीलाही रोजचं बोलणंच हवंय.

अडतं कुठे? आपण वाक्य आधी मनात मराठीत जुळवतो आणि मग भाषांतर करतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ लागतं. म्हणून 'आय' म्हटल्यावर आपण अडखळतो. यासाठी सुट्या शब्दांऐवजी तयार तुकडे पाठ करा. 'आय वर्क्ड ऑन', 'द मेन प्रॉब्लेम वॉज', 'कुड यू रिपीट दॅट, प्लीज?' सुरुवात तयार असली की पुढचं सुचायला उसंत मिळते.

सरावासाठी ४-३-२ नावाची पद्धत आहे. चौघे जमा. एकाने एका विषयावर पहिल्या मित्राला ४ मिनिटं सांगायचं, तेच दुसऱ्याला ३ मिनिटांत, तिसऱ्याला २ मिनिटांत. विषय तोच असल्यामुळे शब्द शोधावे लागत नाहीत, वेग वाढतो. मध्येच कुणी टोकायचं नाही. बोलणं संपल्यावर एकच चूक सांगायची. हसायचं तर अजिबात नाही.

उच्चारांचं म्हणाल, तर मकतबमध्ये उस्तादांनी मखरज शिकवलेत, ते आठवा. तजवीदप्रमाणे 'से' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला लागतं. 'थिंक'मधला आवाज तोच. 'दिस'मधला आवाज 'झाल'चा. 'वाव'ला ओठ गोल होतात, तसे 'वेस्ट' म्हणजे पश्चिम म्हणताना करा. 'व्हेस्ट' म्हणजे बनियन, तिथे वरचे दात खालच्या ओठाला लागतात. लहेजा आपलाच राहू द्या. समोरच्याला शब्द कळला की झालं.

संध्याकाळी क्लासला जायला घरून परवानगी नसते, असं बऱ्याच मुली सांगतात. त्यांनी चौघींचा फोनवर ग्रुप कॉल करावा, रोज अर्धा तास. मुलांनी वस्तीतल्या अभ्यासिकेत जमावं. आणि भावांनो, घरातली बहीण फोनवर इंग्रजी बोलत असेल तर तिची टिंगल करू नका. तिलाही मुलाखत द्यायचीय.

आज इथून जाण्याआधी आपले तीन जोडीदार ठरवा. पहिला विषय मी देतो: 'मी सध्या काय शिकतोय आणि कशासाठी'.