मागची खुर्ची सोडा



तुमच्यापैकी कुणी इंटर्नशिप करतंय, कुणी नुकताच दवाखाना टाकलाय. मला एकच सांगायचं आहे: एकटे राहू नका.

२०१७ चा पावसाळा आठवा. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो भरती झाले. मी तेव्हा तालुक्याच्या गावी नवीन होते. रात्री एक मजूर आला. घामाघूम, तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अ‍ॅट्रोपिन दिलं, पण किती आणि कुठवर द्यायचं, हे विचारायला माझ्या फोनमध्ये एकाही वरिष्ठाचा नंबर नव्हता. त्याला यवतमाळला पाठवलं. तो वाचला. शेजारच्या गावांतही तसेच रुग्ण येताहेत, हे मला वर्तमानपत्रातून कळलं. याची लाज वाटली.

मग आयएमएच्या सभांना जाऊ लागले. डोक्यावर स्कार्फ असलेली मी एकटीच. इथे आपलं कोण, म्हणून मागे बसायचे, जेवून परत यायचे. एकदा सचिवांनी नोंदणीच्या टेबलावर बसवलं. त्या संध्याकाळी सगळ्यांची ओळख झाली. पुढे एका सभेत मी तोच रुग्ण दहा मिनिटांत मांडला. ज्येष्ठ म्हणाले, ‘‘बाहुल्या बघू नका, छातीतली खरखर थांबली का ते बघा.’’ हे त्या रात्री हवं होतं.

तेव्हा काय करायचं? विद्यार्थी आणि तरुण डॉक्टरांसाठी आयएमएचे वेगळे विभाग आहेत. सरकारी महाविद्यालयात निवासी डॉक्टर असाल, तर मार्ड आहे. युनानीवाल्यांनो, आयुर्वेद-युनानी पदवीधरांची ‘निमा’ तुमचीच आहे. एमबीबीएसवाल्यांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतातच; मग व्याख्यानाला नुसती सही करून पळू नका. एक काम मागून घ्या: इतिवृत्त लिहा, वक्त्याला स्टेशनवरून आणा. सतरंज्या उचलायला लाजू नका. बहिणींनो, रात्रीची सभा जमत नसेल तर दुपारची मागा. मी मागितली, मिळाली. दोन वर्षांनी निवडणुकीला उभे राहा.

आपल्याला कुणी बोलावत नाही, ही तक्रार मीही केली आहे. पण फवारणी दरवर्षी येते. पुढच्या हंगामात एखाद्या नव्या डॉक्टरने रात्री दोनला फोन लावला, तर तो उचलणारे तुम्ही असा.