खारीच्या कवटीत लिहिलेली नोंद



आपल्या अंगणात खार येते, दोन हातांत दाणा धरून कुरतडत बसते. तिच्याच कुळातला चिपमंक नावाचा पट्टेवाला प्राणी अमेरिकेत शिकागो शहराच्या आसपास राहतो. आज त्याची गोष्ट सांगते.

शिकागोत फील्ड म्युझियम नावाचं मोठं संग्रहालय आहे. तिथे शंभरहून जास्त वर्षांपासूनच्या प्राण्यांच्या कवट्या जपून ठेवल्यात. कोणता प्राणी कुठे, कधी सापडला, याची नोंदही ठेवलेली आहे. संशोधकांनी त्यातल्या १३२ चिपमंकांच्या आणि १९३ व्होलांच्या कवट्या मोजल्या. व्होल म्हणजे आखूड शेपटीचा, गवत खाणारा, उंदरासारखा प्राणी. २०२५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

काय दिसलं? काळाबरोबर चिपमंकची कवटी मोठी झाली, पण दातांची रांग आखूड झाली. व्होलच्या कवटीत कानाजवळ हाडाचा फुगवटा असतो, तो लहान झाला. वाढत्या उष्णतेशी याचा मेळ बसला नाही, वाढत्या शहराशी बसला. संशोधकांचा अंदाज असा: माणसांचं उष्टं-खरकटं खाऊन चिपमंक मोठा झाला, आणि कठीण बिया फोडायचं काम कमी झाल्यामुळे दातांची रांग आखूड झाली. व्होलच्या कानाचा फुगवटा कदाचित शहराचा गोंगाट कमी ऐकू यावा म्हणून लहान झाला असेल.

कुणी म्हणेल, बरं झालं, जुळवून घेतलं त्यांनी! पण मोठा झाला म्हणजे धडधाकट झाला असं नाही. आणि ज्यांना जुळवून घेता येत नाही, ते प्राणी तिथून नाहीसे होतात.

मला यातून दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, उरलेलं अन्न, वेफर्सची पाकिटं उकिरड्यावर उघडी टाकू नका. ओला कचरा खतखड्ड्यात टाका. आपण टाकतो ते कुणीतरी खातंच.

दुसरी गोष्ट नोंदीची. हा बदल डोळ्यांनी कुणाला दिसला नसता. जुन्या माणसांनी तारीख, ठिकाण लिहून ठेवलं, म्हणून तो कळला. आपण गटाच्या रजिस्टरमध्ये पै-पैचा हिशेब लिहितो. त्याच रजिस्टरच्या मागच्या पानावर विहिरीची पाणीपातळी, पहिला पाऊस, शिवारात दिसलेले पक्षी-प्राणी तारखेसह लिहायला काय हरकत आहे? आपल्या नातींना ते पान उपयोगी पडेल.

येत्या बैठकीत सुरुवात करूया.